खाऱ्या वाऱ्यातील शालू

२६ नोव्हेंबर २०२३ रोजी आकाशवाणीवरील 'मन की बात' या कार्यक्रमात पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी देशातील सधन कुटुंबांना एक आवाहन केले. परदेशात जाऊन लग्ने करण्याची जी नवी हौस वाढीस लागली आहे तिला आळा बसावा, लग्ने भारताच्या भूमीवरच व्हावीत, म्हणजे देशाचा पैसा देशात राहील, असा त्याचा आशय होता. पुढच्याच महिन्यात डेहराडून येथे भरलेल्या गुंतवणूकदारांच्या परिषदेत 'वेड इन इंडिया' ही घोषणाही त्यांनी दिली. या आवाहनामुळे परदेशी निघालेली किती वऱ्हाडे माघारी वळली हे सांगणे अवघड आहे. गोव्याच्या किनाऱ्यावर मात्र त्याआधीच मांडव पडू लागले होते, आणि त्यानंतर ते अधिक दाट झाले. ज्याला आजच्या बोलीत 'डेस्टिनेशन वेडिंग' म्हणतात, म्हणजे वधूचेही नव्हे आणि वराचेही नव्हे अशा तिसऱ्याच गावी, दोन-तीन दिवस मुक्काम ठोकून लावलेले लग्न, ते आता चित्रपटनटांपुरते राहिलेले नाही.

या उलाढालीचे पडसाद ज्या गावाला समुद्रच नाही अशा दोडामार्गात उमटावेत, हे वरवर पाहता विचित्र वाटेल. सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या आठ तालुक्यांपैकी खुल्या समुद्राचा शेजार देवगड, मालवण आणि वेंगुर्ला या तिघांनाच आहे. सावंतवाडीतून वेगळा काढलेला दोडामार्ग तालुका सह्याद्रीच्या पायथ्याशी, काजूच्या बागांत आणि तिळारीच्या खोऱ्यात वसलेला आहे. परंतु त्याची वेस गोव्याला लागलेली. त्याचा बाजार म्हापशाचा, त्याच्या तरुणांची नोकरी गोव्यातली आणि पुष्कळदा सोयरीकही डिचोली-पेडण्याकडची. त्या पेडणे तालुक्यातील मोपा येथील विमानतळाचे उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी झाले आणि ५ जानेवारी २०२३ पासून तेथून विमाने उडू लागली. विमानातून उतरलेली वऱ्हाडे किनाऱ्याकडे जातात. त्यांना वाहून नेणाऱ्या मोटारीचा चालक, मांडवाचे खांब रोवणारा, पंगतीतला वाढपी यांत सीमेवरच्या खेड्यांतील मुले असतात. रविवारी मध्यरात्री घरी परतताना ती मजुरीबरोबर खिशातल्या मोबाईलमध्ये छायाचित्रेही आणतात. ती छायाचित्रे घरातली लग्नाळू बहीण पाहते, तिच्या मैत्रिणी पाहतात, आणि मग कसई-दोडामार्गच्या एखाद्या साध्या सभागृहात व्हावयाच्या लग्नासाठीही प्रश्न विचारला जातो : हळदीला काय, मेंदीला काय, संगीताला काय आणि लग्नाला काय नेसायचे?

हा प्रश्न बायकांचा, घरगुती आणि म्हणून क्षुल्लक आहे असे मानून अग्रलेखाच्या पानाने त्याकडे पाठ फिरवावी, ही आपल्याकडची जुनी सवय. पण ज्या निर्णयात शिक्षकाच्या किंवा कारकुनाच्या घरातील वर्षभराची शिल्लक एका पेटीत घडी घालून ठेवली जाते, तो निर्णय क्षुल्लक कसा? आणि खर्चाची बाजू क्षणभर दूर ठेवली, तरी नवरीच्या अंगावरील वस्त्र कोणासाठी निवडले जाते, तिच्यासाठी, विधीसाठी, हवेसाठी की केवळ कॅमेऱ्यासाठी, या एका प्रश्नाच्या उत्तरातून ते लग्न कोणाचे आहे हे कळते. समुद्रकाठच्या लग्नात तर ते फारच उघडपणे कळते, कारण समुद्र कोणाचीही भीडमुर्वत ठेवीत नाही.

देणाऱ्याची खूण

अनेक दिवसांचे लग्न ही काही नवी गोष्ट नव्हे. सीमांतपूजन, हळद, ग्रहमख, प्रत्यक्ष विवाह, लक्ष्मीपूजन, वरात असा आपल्याकडचा सोहळा पूर्वी चार-पाच दिवस सहज चाले, आणि प्रत्येक प्रसंगी वधूचे वस्त्र बदलत असे. तेव्हा आजची मुलगी तीन दिवसांत पाच वेष बदलते म्हणून नाक मुरडण्याचा अधिकार आजीला नाही. फरक संख्येत नसून कारणात आहे. जुन्या लग्नातील प्रत्येक लुगड्याला देणारा असे. अनेक घरांत विवाहसमयी नेसावयाची पिवळी अष्टपुत्री मामाकडून येई. शालू वरपक्षाचा. हळदीचे लुगडे साधे, कारण ते डागाळणारच. जातीजातींत आणि गावागावांत तपशील बदलत, परंतु वस्त्राकडे पाहून नाते सांगता येई. मुलगी एका घरातून दुसऱ्या घरात जाताना तिच्या अंगावरच्या कापडात दोन्ही घरांची साक्ष असे.

हिंदूंपुरतेच हे खरे होते असेही नाही. गोव्यातील ख्रिस्ती कुटुंबांत वधू चर्चमध्ये पांढरा पोशाख घालते. पण त्याआधी घरात 'साडो' कापण्याचा विधी असतो. लाल कापड आणून, शिंप्याला सन्मानाने बोलावून, फटाक्यांच्या आवाजात त्या कापडाला पहिली कात्री लावली जाते. तो लाल वेष ती लग्नानंतर घालते. चुडा भरण्याचा विधी तर गोव्यात हिंदू आणि ख्रिस्ती दोघांकडेही आहे. शतकानुशतके धर्म बदलले, राज्ये बदलली, पण नवरीच्या हातातला चुडा आणि अंगावरचा तांबडा रंग यांनी आपली जागा सोडली नाही. वस्त्राच्या ठिकाणी एवढी चिकाटी कोठून येते? तो रंग कोणी दिला आणि का दिला हे सर्वांना ठाऊक होते म्हणून.

आजच्या किनारी लग्नात वेषाचा क्रम ठरतो तो पार्श्वभूमीवरून. शुक्रवारी सायंकाळी पाहुण्यांचे स्वागत, मागे मावळता सूर्य, म्हणून अंगावर फिका केशरी. शनिवारी दुपारी पोहण्याच्या तलावाकाठी हळद, म्हणून सर्वांना पिवळ्याची सक्ती. रात्री संगीत, दिव्यांच्या झगमगाटात चमकेल असा टिकल्यांचा घागरा. रविवारी लग्न, मागे निळे पाणी, त्यावर उठून दिसेल असा मोतिया किंवा गुलाबी. ११ डिसेंबर २०१७ रोजी इटलीत अनुष्का शर्मा यांनी सब्यसाची मुखर्जी यांनी तयार केलेला फिका गुलाबी घागरा घातला आणि लाल रंगाची मिरासदारी सैल झाली. २१ फेब्रुवारी २०२४ रोजी गोव्यात झालेल्या रकुल प्रीत सिंग यांच्या लग्नातही तरुण ताहिलियानी यांचा फिक्या रंगाचा घागरा होता. रंग बदलू नयेत असे कोणी म्हणणार नाही. पण वस्त्राने नात्याऐवजी देखाव्याशी जुळवून घ्यावयाचे ठरले, की देखावा बदलेल तितके वेष लागणार, आणि देखाव्यांना अंत नसतो.

येथे कायद्याची एक गंमत नोंदविण्याजोगी आहे. १९६१ च्या हुंडाप्रतिबंधक कायद्याखाली १९८५ साली केलेल्या नियमांनुसार लग्नात वधूवरांना मिळालेल्या भेटींची लेखी यादी ठेवावी लागते. वस्तूचे वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचे नाव आणि त्याचे नाते, आणि खाली वधूवरांच्या सह्या. म्हणजे जुने लुगडे जे न बोलता सांगत होते तेच कायदा लिहून मागतो. त्याच १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रतिभाराणी खटल्यात स्त्रीधनावर पत्नीचीच पूर्ण मालकी असल्याचे स्पष्ट केले. लग्नात मिळालेली वस्त्रे आणि दागिने त्यात येतात. तरीही अशी यादी केलेले लग्न किती वाचकांनी पाहिले असेल? पाहुण्यांनी कोणत्या दिवशी कोणत्या रंगाचे कपडे घालावेत याची यादी मात्र छापून, निमंत्रणाबरोबर, वेळेवर पोचते. दोडामार्गची मुलगी सीमेपलीकडे गोमंतकीय कुटुंबात दिली जाते तेव्हा तर आणखी एक गोष्ट तिच्या कानावर घालावयास हवी. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेला कुटुंबकायदा आजही चालतो, आणि लग्नापूर्वी वेगळा करार केला नसेल तर पतिपत्नींची मालमत्ता सामान्यतः समाईक धरली जाते. ब्लाउजच्या गळ्याचे माप ठरविण्यासाठी शिंप्याकडे तीन खेपा घालणारे घर निबंधकाच्या कचेरीत सही करताना आपण कशावर सही करतो हे विचारीत नाही.

वारा, वाळू आणि अग्नी

आता प्रत्यक्ष किनाऱ्यावर येऊ. शाळेच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे आपण सर्वांनी घोकलेले आहेत. दिवसा जमीन लवकर तापते, म्हणून वारा समुद्राकडून येतो. रात्री ती लवकर निवते, म्हणून तो समुद्राकडे जातो. लग्नसराईच्या महिन्यांत कोकण किनाऱ्यावर हा खारा वारा दुपारी जोरात असतो आणि सूर्यास्तानंतर ओसरू लागतो. त्यामुळे किनाऱ्यावरील लग्नाला खरा सोयीचा मुहूर्त गोरजाचा. भर दुपारी, वारा ऐन जोमात असताना, चार-पाच वार जाळीची ओढणी डोक्यावर टाचून मुलीला वाळूतून चालावयास लावणे म्हणजे शिडाला डोलकाठी बांधून होडी वल्हवण्यासारखे आहे. ओढणी शिडासारखी फुगते, केसांतल्या पिना ओढल्या जातात, आणि छायाचित्रात जे स्वप्नवत दिसते ते करताना मान दुखून येते.

भरजरी घागऱ्याचे वजन आठ-दहा किलोपर्यंत सहज जाते. सभागृहाच्या गालिच्यावर ते पेलता येते. वाळूत मात्र पाऊल रुतते आणि घेराच्या कडेला ओली वाळू चिकटत राहते, त्यामुळे प्रत्येक पावलागणिक वजन वाढते. त्यात खारी हवा. जरीमध्ये चांदी असो की तांबे, दमट आणि खारट हवेत ती काळवंडते, आणि तांब्यावरची हलकी जर तर फारच लवकर. रेशमाला घामातील क्षार आणि कडक ऊन ही दोन्ही मानवत नाहीत. ज्या पैठणीवर येवल्याच्या विणकराने महिनोन्महिने मागावर बसून मोर काढला, ती भर उन्हात, घामात आणि लाटांच्या तुषारांत तीन तास ठेवणे हा कारागिराचाही अपमान आहे. पैठणी नेसूच नये असे नाही. सायंकाळी छताखाली, सूर्य कलल्यावर, स्वागतसमारंभाला ती अवश्य नेसावी. नंतर लगेच घडी घालून कपाटात कोंबू नये. सावलीत वारा द्यावा आणि मग मऊ सुती कापडात गुंडाळून ठेवावी, एवढे आपल्या आज्यांना कळत होते.

सर्वांत गंभीर बाब अग्नीची. होम आणि सप्तपदी किनाऱ्यावर करावयाची असेल तर वाऱ्याच्या दिशेचा विचार केलाच पाहिजे. नायलॉन आणि पॉलिएस्टरच्या जाळीला झळ लागली की ती वितळते आणि कातडीला चिकटते. सुती कापड भरकन पेटते. रेशीम त्या मानाने सावकाश जळते आणि ज्योत दूर नेल्यावर बहुधा विझते. होमापाशी रेशीम नेसावे हा दंडक सोवळ्याच्या नावाखाली आला. त्यामागे कोणाला काय ठाऊक होते हे सांगता येणार नाही, पण त्याचा व्यवहारातील उपयोग उघड आहे. ज्या वधूच्या मागे पाच वार कृत्रिम जाळी लोळते आहे तिला वाऱ्यात अग्नीभोवती सात पावले चालवणारे जे कोणी असतात, त्यांच्या यादीत छायाचित्रकारासाठी जागा असते, पाण्याच्या बादलीसाठी नसते.

भरतीचेही तसेच. मालवण-वेंगुर्ल्याच्या मच्छीमाराला भरतीची वेळ काढावयास कोणतेही यंत्र लागत नाही. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीचा तास निघतो. द्वितीयेला दुपारी दीडच्या सुमारास भरती, म्हणजे सायंकाळी पाणी मागे हटलेले आणि वाळू रुंद व घट्ट. दशमीला साडेसातच्या सुमारास भरती, म्हणजे गोरजाच्या वेळी पाणी मांडवाकडे चालून येत असते. ज्या पंचांगातून मुहूर्त काढला त्याच पंचांगात घागऱ्याची कड भिजणार की नाही हेही लिहिलेले आहे. मुहूर्त पाहणारे ते वाचीत नाहीत आणि वाचू शकणाऱ्या गाबित कुटुंबाला कोणी विचारीत नाही, एवढेच.

काष्ट्याचे शास्त्र

या साऱ्या अडचणींचे उत्तर किनाऱ्यापाशीच होते. वाळूत चालणारी, ओल्या टोपल्या वाहणारी, होडीला हात लावणारी कोकणातली बाई नऊवारी काष्टा नेसत असे. त्यात डौल होता, पण त्याआधी सोय होती. सुमारे आठ मीटर कापड असूनही ते अंगाभोवती ठिकठिकाणी खोचलेले असते, म्हणून वाऱ्याने उडत नाही. पाय मोकळे राहतात. निऱ्या वाळूवरून लोळत नाहीत. डोक्यावर पदर असला तरी तो खांद्यावरून घट्ट आवळलेला. आज आपण जिला केवळ 'पारंपरिक वेष' म्हणून शाळेच्या स्नेहसंमेलनापुरती बाजूला काढून ठेवतो, ती खरोखर किनाऱ्यावरची काम करण्याची वस्त्रपद्धती आहे. १२ डिसेंबर २०२४ रोजी अभिनेत्री कीर्ती सुरेश यांचे लग्न गोव्यात झाले, तेव्हा त्यांनी तमिळ पद्धतीची नऊवारी, म्हणजे मडिसार, नेसणे पसंत केले. ती अनिता डोंगरे यांनी तयार केली होती. परिधानाची ही निवड आपल्या घरच्या रीतीतून झाली आणि किनाऱ्याच्या हवेलाही ती शोभली. तमिळ मुलगी गोव्यात येऊन जे करू शकते ते वेंगुर्ल्याच्या मुलीला वेंगुर्ल्यात जड का जावे?

नेसण टिकवण्याच्या बाबतीत तर सिंधुदुर्गात एक मोठी शाळाच आहे. दशावतारातला स्त्रीपार्टी शालू नेसून रात्रभर रंगमंचावर वावरतो. तो भांडतो, रडतो, लढाईच्या प्रसंगी गिरक्याही घेतो, आणि पहाटेपर्यंत त्याची निरी सुटत नाही. सौंदर्यप्रसाधनाच्या महागड्या वर्गांत शिकणाऱ्यांनी एक रात्र दशावताराच्या रंगपटात बसून काढली तर त्यांचा वेळ फुकट जाणार नाही.

तथापि येथे संस्कृतिरक्षकांनी लगेच टाळ्या वाजवू नयेत. नऊवारी ही आपली, घागरा हा परका, म्हणून घागरा बंद करा, असा या लेखाचा अर्थ काढणे चुकीचे ठरेल. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सुशिक्षित मुलींनी सकच्छ नऊवारी सोडून गोल पाचवारी नेसावयास सुरुवात केली तेव्हा ती निर्लज्जपणाची, परक्यांची नक्कल मानली गेली होती. आज तीच पाचवारी घालीन लोटांगण करावे अशी परंपरा झाली आहे. काठपदराची पाचवारी नेसलेल्या आपल्या मुख्याध्यापिकांना कधीकाळी या नेसण्यावरून बोल लागला असता, हे आजच्या विद्यार्थिनीला सांगूनही पटणार नाही. नेसणे बदलते आणि बदलणारच. शिवलेली, नाडी लावलेली नऊवारी बाजारात मिळते. ज्या मुलीला नेसवणारे माणूस नाही तिने ती खुशाल घालावी. घागराच हवा असेल तर हलका, घोट्याच्या वर राहणारा, सुती किंवा सुती-रेशमी घालावा. फक्त निवड तिने करावी आणि निवडताना तिला सर्व माहिती असावी. आज होते काय, की फिक्या रंगाचा आग्रह छायाचित्रकाराचा, वजनाचा आग्रह दुकानदाराचा, घराण्याच्या इभ्रतीचा आग्रह सासूचा, आणि घामाघूम होऊन हसत राहण्याची जबाबदारी मुलीची.

पायांतल्या वहाणांचा प्रश्न लहान असला तरी सांगून टाकावा. टाचेचे बूट वाळूत रुततात आणि कोल्हापुरी चपलेचे कातडे खाऱ्या पाण्याने आखडते. संध्याकाळच्या थंड वाळूत अनवाणी चालण्यासारखे सुख नाही, आणि ते फुकट आहे. फुलांचे म्हणाल, तर परदेशी फुले विमानाने मागवून त्यांना बर्फात ठेवण्याचा खटाटोप कशासाठी? वसंताच्या तोंडावर वेंगुर्ले तालुक्यातील आसोली-आरवलीकडे सुरंगी फुलते. तिचा वळेसर माळला की दोन दिवस अंगाला वास राहतो. अबोली तर वर्षातले बरेच महिने असते आणि उन्हात मान टाकीत नाही.

पैसा कोठे उतरतो

धनिकाने आपल्या पैशाने समुद्रकाठी लग्न करावे, यावर आक्षेप घेण्याचे कारण नाही. त्याच्या हौसेतून शेकडो हातांना काम मिळते. प्रश्न येतो तो त्याचे अनुकरण पगारदार आणि बागायतदार घरांत उतरते तेव्हा. दोडामार्गात काजूचा हंगाम आणि लग्नाचा हंगाम साधारण एकच. बीचा भाव पडला की लग्नाचा खर्च पतपेढीच्या कर्जावर किंवा गहाण ठेवलेल्या सोन्यावर येतो. म्हणजे मुलीच्या अंगावर घागरा चढविण्यासाठी तिच्या आईच्या अंगावरची पाटली उतरते. मांडव किंवा जेवण यांवरचा खर्च निदान गावाच्या तोंडी लागतो. एकदाच घालावयाच्या तीन वेषांवरचा खर्च कपाटात जातो आणि तेथेच राहतो.

करआकारणीनेही आता या निवडीत भाग घेतला आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कराची जी नवी रचना अमलात आली तीत अडीच हजार रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यांवर ५ टक्के आणि त्यावरील कपड्यांवर १८ टक्के कर आहे. न शिवलेली, मागावरून आलेली साडी कापडाच्या दरात, म्हणजे ५ टक्क्यांत बसते. पन्नास हजारांच्या शिवलेल्या घागऱ्यावर नऊ हजार रुपये कर, आणि तेवढ्याच किमतीच्या हातमागाच्या साडीवर अडीच हजार. सरकारचा हेतू काहीही असो, साडेसहा हजारांचा हा फरक कारकुनाच्या घरात नजरेआड होण्याजोगा नाही. वेष भाड्याने आणण्यातही कमीपणा मानण्याचे कारण नाही. संगीताच्या रात्रीचा टिकल्यांचा घागरा ज्यांना हवाच आहे त्यांनी तो भाड्याने आणावा, आणि वाचलेल्या पैशांत एक अशी साडी घ्यावी की जी पुढे डोहाळजेवणाला, बारशाला आणि नंतर मुलीलाही नेसता येईल.

पण या अर्थकारणाचा याहून मोठा भाग जिल्ह्याच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. १९९७ साली सिंधुदुर्ग हा देशातील पहिला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. पाव शतकाहून अधिक काळ लोटला. शिरोडा, रेडी, तारकर्ली, भोगवे यांचे किनारे गोव्याच्या किनाऱ्यांपेक्षा कमी सुंदर नाहीत, आणि उत्तर गोव्यात जागा व दर यांची कोंडी होईल तसतशी लग्ने तेरेखोल ओलांडून इकडे येणार हे दिसते आहे. तेव्हा पंतप्रधानांचे वाक्य पुढे नेऊन विचारावयास हवे : देशाचा पैसा देशात राहिला, त्यातला तालुक्यात किती उतरला? आजच्या व्यवस्थेत नवरीचा वेष दिल्ली-मुंबईहून पेटीत येतो. त्या पेटीबरोबर तो नेसवणारी, केस बांधणारी आणि चेहरा रंगवणारीही विमानाने येतात, आणि रविवारी रात्री सर्व पेट्या पुन्हा विमानात चढतात. स्थानिकांच्या वाट्याला खांब रोवणे, पत्रावळी उचलणे आणि सोमवारी सकाळी वाळूतून टिकल्या वेचणे राहते. त्या टिकल्या प्लास्टिकच्या असतात आणि सर्व वेचल्या जात नाहीत, हेही लक्षात ठेवावे. ज्या महिन्यांत हे मांडव पडतात त्याच महिन्यांत ऑलिव्ह रिडले कासवे मोरजीपासून देवगडपर्यंतच्या वाळूत अंडी घालावयास येतात.

वस्त्राची निवड बदलली तर हा हिशेब बदलू शकतो. नऊवारी नेसवावयास दिल्लीहून माणूस आणावे लागत नाही. सुरंगीचा वळेसर विमानाने येत नाही. हळदीची सुती साडी आणि करवल्यांची परकर-पोलकी सावंतवाडीच्या, बांद्याच्या किंवा दोडामार्गच्या शिंप्याकडे शिवता येतात. त्याच्या यंत्राला आज शाळेच्या गणवेशाखेरीज फारसे मोठे काम मिळत नाही. जिल्ह्यात महिलांचे बचतगट जागोजागी आहेत, शिवणकामाचे वर्ग आहेत. पर्यटनाच्या नावाने होणाऱ्या प्रशिक्षणात न्याहारी-निवासाचे धडे मिळतात, पण लग्नाच्या कामाचे धडे मिळत नाहीत. नेसवणे, केशरचना, फुलांचे काम, भाड्याने द्यावयाच्या नऊवारींचा साठा, तिथीवरून भरतीची वेळ सांगणारा गावातला जाणता माणूस, या सगळ्यांची एक साधी दरपत्रिका करून ती मोपाच्या विमानतळावर आणि किनाऱ्यावरील प्रत्येक हॉटेलात ठेवणे पर्यटन विभागाला अशक्य नाही. त्यासाठी नवे महामंडळ लागत नाही. एखाद्या गटविकास अधिकाऱ्याला दोन महिने मनावर घ्यावे लागेल, इतकेच.

तुळशीचे लग्न लागले की सराई सुरू होते आणि त्याआधी, गणपतीनंतरच्या पंधरवड्यात, शिंप्यांकडची कामे ठरतात. या वर्षी तो पंधरवडा येईल तेव्हा सीमेवरच्या खेड्यांतील मुले पुन्हा गोव्याच्या मांडवांकडे कामाला निघतील. शालू नेसवणारी बाई मोपाला विमानातून उतरेल आणि तिला किनाऱ्यावर पोचवणारी मोटार भेडशीचा मुलगा चालवीत असेल. त्याच्या बहिणीला ते काम येते की नाही, हे अद्याप कोणी विचारलेले नाही.